कृमीची साक्ष

जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा, काचेसारखा पारदर्शक असा एक कृमी गेली काही वर्षे भारतीय वनौषधींविषयी साक्ष देत आहे. सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स हे त्याचे शास्त्रीय नाव. टोमॅटो-डाळिंबाच्या मुळांना गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींमुळे आपला शेतकरी या कुळाला चांगलाच ओळखतो. मात्र हा त्यांचा निरुपद्रवी भाऊबंद मातीतील जीवाणू खाऊन राहतो आणि दोन-तीन आठवड्यांत आयुष्य संपवतो. त्याच्या देहातील पेशी मोजून ९५९, त्यांतील मज्जापेशी ३०२. तरीही चार नोबेल पुरस्कारांशी (२००२, २००६, २००८ आणि २०२४) त्याचा संबंध आहे. १९९८ साली ज्याचा संपूर्ण जनुकीय आराखडा सर्वप्रथम वाचला गेला, तो बहुपेशीय प्राणी म्हणजे हाच कृमी. त्याच्या जनुकांची संख्या सुमारे वीस हजार, म्हणजे जवळजवळ माणसाइतकीच. माणसाच्या अनेक जनुकांची भावंडेही त्याच्यात सापडतात.

या कृमीला २०११ साली हळदीतील कर्क्युमिन खाऊ घालण्यात आले आणि त्याचे आयुष्य वाढलेले आढळले. एवढ्यावर काहींनी शंखनाद केला असता. संशोधक मात्र पुढे गेले. कर्क्युमिनने कृमीच्या अन्नातील जीवाणूच मारले आणि म्हणून तो अधिक जगला, असे तर नाही ना, हे त्यांनी तपासले. तसे नव्हते. मग ज्यांचे एकेक जनुक निकामी आहे, अशा कृमींवर तोच प्रयोग करण्यात आला. एसकेएन-१ हे, शरीरातील विषारी घटकांशी झुंजणारी यंत्रणा जागी करणारे जनुक ज्यांच्यात निकामी होते, त्या कृमींना हळदीचा काहीही लाभ झाला नाही. उलट, दीर्घायुष्याच्या संशोधनात ज्याचे नाव सर्वांत आधी घेतले जाते, ते डॅफ-१६ हे जनुक निकामी असूनही लाभ कायम राहिला. ज्याच्यावर पहिला संशय जावा तो निर्दोष ठरावा आणि दुसराच कोणी पुढे यावा, असा हा प्रकार आहे. ‘हळद गुणकारी आहे’ या विधानापासून ‘हळदीतील अमुक द्रव्य अमुक जनुकाच्या आधाराने काम करते’ या विधानापर्यंतचा प्रवास तो हाच.

वनस्पतीतील द्रव्य जनुकावर परिणाम करते म्हणजे ते जनुक बदलते, असा समज होण्याचा संभव आहे. तसे नाही. जुन्या वाड्यात खोल्या तेवढ्याच असतात, कोणत्या खोलीत दिवा लावायचा आणि कोणत्या खोलीतला मालवायचा एवढेच ठरते. जनुकांचेही तसेच असते. वनस्पती ही द्रव्ये बहुधा स्वतःच्या रक्षणासाठी, कीड आणि बुरशी यांना दूर ठेवण्यासाठी तयार करतात. ती सौम्य विषेच असतात. अल्प मात्रेत ती कृमीच्या पोटात गेली की त्याच्या पेशी सावध होतात, दुरुस्तीची आणि प्रतिकाराची जनुके कामाला लागतात आणि त्या सावधपणाचा फायदा पुढे उष्णतेशी वा वार्धक्याशी झुंजताना होतो. मात्रा वाढवली की तेच द्रव्य कृमीला मारते. मात्रेवाचून औषध नाही, हे आपल्या वैद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितले. आता ते कृमीच्या जनुकांत वाचता येऊ लागले आहे.

हे काम परदेशांतच होते असेही नाही. कानपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी २००८ साली सर्पगंधेतील रेसर्पिन या द्रव्याने या कृमीचे आयुष्य वाढते, आणि ते वाढलेले आयुष्य अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याचे नसून हिंडत्या-फिरत्या कृमीचे असते, असे दाखवले. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने अश्वगंधेतील विथॅनोलाइड-ए आणि शतावरीतील शतावरिन-४ या द्रव्यांवर २०१६-१७ च्या सुमारास असेच प्रयोग केले. काशी हिंदू विश्वविद्यालयात फळमाशीवर आमलकी रसायनाची परीक्षा झाली. त्यामागे हृदयशल्यविशारद डॉ. वलियाथन यांची प्रेरणा होती. चरकाच्या चिकित्सास्थानाचा पहिलाच अध्याय रसायनाचा आहे. जरा दूर ठेवणे हा ज्या विद्येचा एक मान्य विषय, तिच्या वनस्पती वार्धक्याच्या प्रयोगात घ्याव्यात, यात नवल काही नाही. नवल हे की या प्रयोगांची वार्ता ना आयुर्वेदाच्या अभिमान्यांपर्यंत पोहोचते, ना त्याची टिंगल करणाऱ्यांपर्यंत.

टिंगल करणाऱ्यांचा वर्ग जुना आहे. मेकॉलेच्या शिक्षणाने त्याला एवढेच शिकवले की जे आपले ते अडाणी, आणि तेच साता समुद्रापलीकडून बाटलीत भरून आले की विज्ञान. हळदीने जखम भरते हे घरोघरच्या आजीला ठाऊक असलेले ज्ञान १९९५ साली अमेरिकेत पेटंट होऊन बसले, तेव्हा या वर्गाला त्यात काही वावगे वाटले नव्हते. डॉ. माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे पुरावे मांडून १९९७ साली ते पेटंट रद्द करवले. त्या लढ्यातून पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय कोश उभा राहिला. हा विजय राष्ट्राचाच होता. परंतु त्यात जे सिद्ध झाले, ते हळदीचे ज्ञान आपले व पूर्वापार आहे एवढेच. हळद नेमके काय करते, किती करते आणि कोणाला करते, हा प्रश्न पेटंटच्या कचेरीत सुटत नाही.

आणि येथे दुसऱ्या बाजूलाही चार शब्द ऐकवणे भाग आहे, कारण ती बाजू आपल्याच घरातली आहे. कृमीवरील एका प्रयोगाची ओळ उचलून ‘हळदीने आयुष्य वाढते, विज्ञानाची कबुली’ असे मथळे देणारे आणि त्याच मथळ्याच्या आधारे डब्या विकणारे आज कमी नाहीत. या कृमीला यकृत नाही, हृदय नाही, रक्ताभिसरण नाही. एका जनुकातील बदलाने त्याचे आयुष्य दुप्पट होते, हे कॅलिफोर्नियात सिंथिया केनियन यांनी १९९३ साली दाखवले. उंदरात तसेच बदल केले तर वाढ त्याहून पुष्कळच कमी भरते. कर्क्युमिन तर माणसाच्या आतड्यातून रक्तात फारच थोडे शिरते, आणि २०१७ साली औषधरसायनाच्या एका अभ्यासपत्रिकेत आलेल्या सविस्तर आढाव्याने त्याच्याविषयीच्या अनेक दाव्यांना कसोटीला उतरणारा पुरावा नसल्याचे स्पष्टच सांगितले. तो आढावा वाचून कोणी आयुर्वेदद्वेषाचा आरोप केला तर तो पळपुटेपणा होईल. चरकाने आप्तोपदेशाबरोबर प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती अशी चतुर्विध परीक्षा सांगितली आहे. चरकाचे नाव घेऊन परीक्षा नाकारणारा चरकाचा अनुयायी कसा म्हणायचा?

परीक्षेला सामोरे गेल्याने परंपरेचे काय होते, याचे उत्तर सर्पगंधेच्या इतिहासात आहे. १९३१ साली बंगालमध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब यांवरील तिच्या उपयोगाविषयी लिहिले. त्याच सुमारास दिल्लीत हकीम अजमल खान यांच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी तिच्या मुळांतून द्रव्ये वेगळी केली. मुंबईत डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांना ती देऊन, नोंदी ठेवून, १९४९ साली ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानंतरच जगाचे डोळे उघडले. परंतु तिच्यातील मुख्य द्रव्य, रेसर्पिन, १९५२ साली हाती लागले ते स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या. रोपटे आपले, रुग्ण आपले, वैद्य आणि डॉक्टर आपले, आणि औषधाची मालकी बाझेलला! पुढे याच औषधाने काही रुग्णांना खिन्नता येते हेही ध्यानात आले, त्याचा शोध घेताना मेंदूतील रसायनांविषयीच्या नव्या उपपत्ती उदयाला आल्या, आणि त्याही परदेशांतल्याच प्रयोगशाळांत.

कारण एकच होते. नोंद ठेवणारे वकील आपल्याकडे एखाददुसरेच निघाले आणि त्यांच्या मागे प्रयोगशाळा उभी राहिली नाही. आज ती सबब टिकणारी नाही. या कृमीला पोसायला ना गोठा लागतो ना पिंजरा. बशीतील जीवाणूंच्या थरावर तो वाढतो, गोठवून ठेवला तर वर्षांनंतरही जिवंत होतो आणि तीन आठवड्यांत आयुष्याचा हिशेब देतो. केंद्रात आयुष मंत्रालय २०१४ पासून आहे. जामनगरला पारंपरिक वैद्यकाचे जागतिक केंद्र २०२२ साली आले. महाराष्ट्रात आयुर्वेद महाविद्यालये गावोगाव आहेत. त्यांतील किती ठिकाणी साधा सूक्ष्मदर्शक द्रव्यगुणाच्या विद्यार्थ्याच्या हाती नियमाने पडतो? महाविद्यालयाच्या मान्यतेसाठी खाटा मोजल्या जातात. त्यांबरोबर वर्षाकाठी किती वनस्पती तपासल्या आणि त्यांतील किती निष्फळ ठरल्या, हेही मोजायला हवे. निष्फळ ठरलेल्यांची यादी छापण्याचे धैर्य ज्या महाविद्यालयात असेल, त्याच्या सफल यादीवर जग विश्वास ठेवील.

तोवर सर्पगंधेचे काय, हाही प्रश्न आहेच. औषधासाठी तिची मुळेच खणावी लागतात, म्हणजे रोपच जाते. जंगलातून ती इतकी उपटली गेली की आज तिचे नाव आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या वनस्पतींच्या सूचीत आहे. ज्या महाविद्यालयाच्या आवारात चार वाफे रिकामे असतील, त्याने येत्या पावसाळ्यात तिची लागवड करून पाहावी.