दोन हात, एकच डीलर

महाराष्ट्राचा १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्दही झाला. त्यामुळे लातूर-नांदेडच्या हौशी गड्याला ब्लॅकजॅक खेळायचा तर गोव्यात मांडवी नदीतले तरंगते कॅसिनोच गाठावे लागतात. तिथून परतणाऱ्यांचा एक लाडका सिद्धांत आहे: एका वेळी दोन हात खेळावेत, एक बुडाला तरी दुसरा तारतो. वर दाखला शेतीचा. सोयाबीन गेलं तरी तुरीत निघतंच की!

दाखला खरा, पण इथे गैरलागू. चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर हे आंतरपीक तगतं, कारण सोयाबीन शंभरेक दिवसांत निघतं आणि खोल मुळांची तूर पुढे दीड-दोन महिने उभी असते. एकाला झोडपणारा पाऊस दुसऱ्याला मानवूही शकतो. ब्लॅकजॅकमध्ये मात्र दोन्ही हातांपुढे डीलरचं पान एकच. समजा, त्याची दश्शी उघडी आहे. तुमच्या एका हातात सोळा, दुसऱ्यात पंधरा. गणित म्हणतं, पान ओढा. एकावर अठ्ठी येते, दुसऱ्यावर राजा. दोन्ही एकवीसच्या पार. डीलरने आपलं झाकलेलं पान उघडण्याआधीच दोन्ही पैजा गोळा झालेल्या असतात. आधी खेळतो आणि आधी बुडतो तो खेळाडू. घराची, म्हणजे कॅसिनोची, कमाई इथेच आहे.

आता हिशेब. नियम बरे असले आणि खेळ बिनचूक असला, तरी घराचा वाटा शेकडा अर्ध्याच्या आसपास राहतो. हजारांच्या एका हातावर सरासरी पाच रुपये जातात. हजार-हजारांच्या दोन हातांवर दहा.

दोन हातांत तथ्य अजिबातच नाही, असंही नाही. हजारांचे पाचशे-पाचशे केले तर चढउतार साधारण सहाव्या हिश्शाने सौम्य होतो. सरासरी तोटा मात्र तोच, पाच रुपये.

'मग पत्ते मोजणारे दोन हात का लावतात?' एडवर्ड थॉर्पने १९६२ मध्ये पुस्तकातून मांडलेली पत्तेमोजणी उरलेली पानं खेळाडूच्या बाजूची आहेत का, ते सांगते. तशी असली तरच ते हात वाढवतात. मोजणी न करता हात वाढवणारा त्यांची फक्त नक्कल करतो.

तेव्हा मित्राने दुसरा हात लावायचा आग्रह केला, तर एवढंच विचारा: एकूण रक्कम तीच राहणार का? उत्तर 'नाही' असेल, तर चिप्स खिशातच ठेवा.