सिडनीतली २६ जानेवारी

ऑस्ट्रेलियातल्या मराठी कुटुंबांसाठी २६ जानेवारी म्हणजे आपला प्रजासत्ताक दिन आणि तिथला राष्ट्रीय दिनही. पण याच तारखेला १७८८ मध्ये कैद्यांना घेऊन आलेली ब्रिटिश जहाजं सिडनीत नांगर टाकून उभी राहिली आणि तिथल्या मूळ रहिवाशांची जमीन त्यांना न विचारताच गेली. १९३८ मध्ये त्याला दीडशे वर्षं झाली, तेव्हा शहरात त्या आगमनाचा देखावा मोठ्या थाटात सादर झाला. गोऱ्यांना पाहून पळणाऱ्या आदिवासींचं सोंग वठवायला दूरच्या मेनिंडीहून आदिवासी माणसं आणली आणि पोलीस बराकीत ठेवली! त्याच दिवशी विल्यम कूपर, जॅक पॅटन, विल्यम फर्ग्युसन यांच्या पुढाकाराने एलिझाबेथ स्ट्रीटवरच्या ऑस्ट्रेलियन हॉलमध्ये आदिवासींनी शोकदिन पाळला. त्यांना मागच्या दाराने आत शिरावं लागलं, तरी पूर्ण नागरिकत्व आणि समान हक्क मागणारा ठराव झालाच. जेत्यांच्या उत्सवाची तारीख त्यांनी आपल्या मागणीची तारीख केली, आणि हे धैर्य फार मोठं. आज त्याच तारखेला व्हिक्टोरिया पार्कात याबुन महोत्सव भरतो. तिथे आदिवासी गाणी, नाच, चर्चा असतात; शोक असतो आणि इतकं सोसूनही टिकून राहिल्याचा अभिमानही. राष्ट्रीय दिनाची तारीख बदलावी की नाही, हा वाद ऑस्ट्रेलियात दरवर्षी पेटतो. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागो. सिडनीकर मराठी मंडळींनो, येत्या २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की मुलांना घेऊन याबुनला जरूर जा.