रबरी मासा आणि कुलूपबंद लॅब

गेल्या पावसाळ्यात हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर एका रात्री जळका वास सुटला होता, आठवतंय? "वायरिंग जळतंय" म्हणून कुणीतरी मेन स्विच पाडला आणि सगळं हॉस्टेल अर्धा तास अंधारात बसलं. त्या वासाचे गुन्हेगार आम्ही. आज छापील कबुली देतो. वायरिंग जळत नव्हतं, पण ज्याने ओळखलं त्याचं नाक चुकलं नव्हतं. वायरीवरचं आवरण आणि आमच्या पातेल्यातला माल, दोन्ही पीव्हीसीच!

आमचा रूम पार्टनर खाडीकाठचा. घरी गेला की संध्याकाळी गरी घेऊन जेटीवर. हल्ली गरीला जिवंत कोळंबीऐवजी रबरासारखा मऊ, शेपटी हलवणारा प्लास्टिकचा मासा लावतात, त्याला सॉफ्ट ल्यूर म्हणतात. जिताडा त्याला फसतो म्हणे. पण जिताडा फसण्याआधी आपला खिसा फसतो, कारण चांगलं पाकीट महाग आणि एक तांबोशी चावली की शेपटी गायब. तेव्हा पार्टनर म्हणाला, "आपण इंजिनिअर ना रे? मग बनवू की!"

हा उद्योग जुना आहे. अमेरिकेत ओहायोमधल्या अ‍ॅक्रन गावी वॉल्डो सेमन हा रसायनतज्ज्ञ १९२६ साली रबर धातूला चिकटवायचं काहीतरी शोधत होता. शोधता शोधता त्याच्या हाती मऊ पीव्हीसी लागलं. त्याच गावात १९४९ साली निक क्रीम नावाच्या गळबहाद्दराने प्लास्टिकचा गांडूळ घरी ओतला. म्हणजे आधी लॅब, मग घर. आपल्याकडे उलटं झालंय, ते पुढे सांगतो.

ओतायचं द्रव प्लास्टिक, म्हणजे प्लास्टिसॉल, दिसतं दुधासारखं. पीव्हीसीची मैद्याहून बारीक पूड प्लास्टिसायझर नावाच्या तेलकट द्रवात तरंगत असते, विरघळलेली नसते. त्यामुळे बाटली ठेवून दिली की पूड तळाशी बसते. न ढवळता वरचं ओतलं तर ल्यूर चिकट आणि लिबलिबीत होणार. आमची पहिली बॅच अशीच गेली. तापवलं की पूड तेल पिऊन फुगते आणि माल घट्ट होतो. इथे नवखा माणूस घाबरतो, बिघडलं म्हणून फेकून देतो. धीर धरून हळूहळू ढवळत राहिलं की साधारण १७० ते १८० अंश सेल्सिअसला तोच घट्ट गोळा पारदर्शक, पाकासारखा पातळ होतो. तेव्हा रंग, चमकी घालून साच्यात ओतायचं. फार मऊ हवं तर प्लास्टिसायझर वाढवायचं, वजन हवं तर मीठ घालायचं, पण मीठ वाढलं की मासा लवकर फाटतो. जोरात ढवळलं तर हवेचे बुडबुडे. एक वाढवलं की दुसरं बिघडतं, यालाच तर डिझाइन म्हणतात ना?

आणि तापमान वर गेलं की माल आधी पिवळा, मग तपकिरी होतो आणि हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो नाकाडोळ्यांतल्या ओलाव्यात मिसळला की ॲसिडच. त्या रात्री आम्ही हेच केलं. कॉइलच्या शेगडीवर, चहाच्या पातेल्यात, पावसामुळे खिडकी लावून. थर्मामीटर नव्हता, अंदाज होता.

खरी चूक पुढची. साचा प्लास्टर ऑफ पॅरिसचा होता. दोन दिवस पंख्याखाली वाळवला, हाताला कोरडा लागला. पण पावसाळ्यातलं प्लास्टर आतून ओलं असतं, हे कुणाच्या डोक्यात? १८० अंशांचा माल आत गेला, पाण्याची वाफ झाली आणि साच्याने पिचकारी मारली. पार्टनरच्या मनगटावर तो माल चिकटला. गरम तेल ओघळून तरी जातं, हे प्लास्टिक जागीच बसतं. त्याने ओढून काढायचा प्रयत्न केला तर कातडीच यायला लागली. मी मूर्खासारखी टूथपेस्ट शोधत होतो! करायला हवं होतं एवढंच: वाहत्या साध्या पाण्याखाली वीसेक मिनिटं हात धरायचा, चिकटलेलं ओढायचं नाही आणि थेट डॉक्टर गाठायचा. डाग अजून आहे. डोळ्यांवर गॉगल नव्हता. चार इंच वर उडालं असतं तर? हा विचार आला की आजही पोटात गोळा येतो.

दुसऱ्या दिवशी शेगडी जप्त, दंड आणि नोटीस: "खोलीत कोणतेही प्रयोग करू नयेत." नोटीस शंभर टक्के बरोबर आहे. आमची चूक होती आणि चूक फक्त आमच्या अंगाशी आली असती असंही नाही, शेजारच्या खोलीत मुलं झोपली होती. पण माझा प्रश्न वेगळाच आहे. खोलीत करू नये, मग कुठे करावं?

आपल्या केमिस्ट्री लॅबमध्ये फ्यूम हूड आहे, तापमान धरून ठेवणारी हॉट प्लेट आहे, वजनकाटा आहे. पहिल्या वर्षाचं सबमिशन संपलं की त्यांना कुलूप. आणि लॅब उघडी असते तेव्हा आपण काय करतो? सीनियरच्या जर्नलमधून रीडिंग उतरवतो. उत्तर आधी माहीत, ग्राफ उलटा काढलेला. चार वर्षांत माझा एकही प्रॅक्टिकल "चुकला" नाही. आणि त्या पातेल्यातल्या सात बॅचेसपैकी पाच चुकल्या. प्रामाणिकपणे सांगा, मी शिकलो कुठे? पॉलिमरच्या व्हायवात "स्टॅबिलायझर कशाला?" विचारलं तेव्हा पुस्तक आठवलं नाही, तो पिवळा पडलेला माल आठवला.

काही सर म्हणतील, "आज मासे, उद्या फटाके. काही झालं तर जबाबदार कोण?" शंका रास्त आहे. म्हणूनच फुकटची मोकळीक मागत नाही. शनिवारी दुपारचे दोन तास, एक लॅब असिस्टंट, एका वेळी चारच मुलं. आधी एक पान लिहून द्यायचं: काय तापवणार, किती अंशांपर्यंत, काय बिघडू शकतं, बिघडलं तर काय करणार. सरांची सही असेल तरच हॉट प्लेट चालू. गॉगल, हातमोजे, अंगभर सुती कपडे सक्तीचे. लॅबमधलं भांडं पुन्हा मेसच्या वाटेला जाणार नाही. आणि लेबल नसलेली बाटली आत येणार नाही. आमच्या बाटलीला लेबल नव्हतं, आत कोणतं प्लास्टिसायझर होतं ते देव जाणे! लहान मुलांच्या खेळण्यांत काही थॅलेट प्लास्टिसायझरांवर युरोपीय संघाने २००५ मध्ये आणि अमेरिकेने २००८ मध्ये कायद्याने बंधनं घातली. आम्ही ते उघड्या हातांनी ढवळत होतो.

त्या एका पानाने जे होईल ते नोटिशीने होणार नाही. नोटिशीने शेगडी कपाटामागे जाते, दाराला आतून कडी लागते आणि खिडकी आणखी घट्ट बंद होते. मुलं काहीतरी करून बघणारच, ते वयच तसं आहे. ती कुठे बघतात, एवढंच कॉलेजच्या हातात आहे.

आणि हॉस्टेलवाल्यांनो, आपल्यालाही दोन शब्द. परवानगी मिळेपर्यंत खोलीत काही तापवू नका, "काही होत नाही रे" म्हणणारे आम्हीच होतो. फाटलेले ल्यूर खाडीत टाकू नका, ते कुजत नाहीत, उलट वितळवून पुन्हा ओतता येतात. पार्टनर आता तुकडे डब्यात जमवून ठेवतो.

डबा भरत आलाय. लॅबची किल्ली कधी मिळते, तेवढीच वाट बघतोय.