परदेशी अर्ज कोणी लिहायचा?

परदेशातल्या विद्यापीठात पदव्युत्तर प्रवेशासाठी करायच्या अर्जात मोजकेच कागद असतात. पदवीच्या सर्व सत्रांचे ट्रान्सक्रिप्ट, इंग्रजीच्या चाचणीचा निकाल, काही विभागांसाठी जीआरईचा निकाल, प्राध्यापकांची दोन-तीन शिफारसपत्रे आणि ‘एसओपी’ या नावाने ओळखले जाणारे विद्यार्थ्याचे निवेदन. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या बहुतेक महाविद्यालयांचे विद्यार्थी ट्रान्सक्रिप्ट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून मागवतात. कृषी शाखेचे विद्यार्थी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून. हे कागद शुल्क भरून मिळतात, चाचण्याही शुल्क भरून देता येतात. शिफारसपत्र आणि निवेदन मात्र कोणाला तरी बसून लिहावे लागते, आणि समान गुणांच्या दोन अर्जदारांत निवड करताना समितीच्या हाती मुख्यतः हेच दोन कागद असतात. सध्याची रीत अशी की निवेदन एजंटाच्या कार्यालयात तयार होते आणि शिफारसपत्र विद्यार्थी स्वतः टाइप करून सरांच्या सहीला नेतो. ज्याने जे लिहायचे ते त्याने सोडून भलत्यानेच लिहिलेले असते. या रीतीच्या समर्थनार्थ जी मते मांडली जातात ती तपासणे आणि अर्ज हे विद्यार्थ्याचेच अभ्यासाचे काम आहे हे दाखवणे, हा येथे विषय आहे.

पहिले मत असे की परदेशी शिक्षण हे पुण्या-मुंबईच्या, इंग्रजी माध्यमाच्या, पैसेवाल्या घरांतल्या मुलांचे क्षेत्र. खेड्यातल्या मुलाने त्यात पडायचे तर कोणाचा तरी हात धरूनच. या मताला वस्तुस्थितीचा आधार थोडाच आहे. लोणीचे प्रवरा, संगमनेरचे अमृतवाहिनी आणि कोपरगावचे संजीवनी ही तिन्ही अभियांत्रिकी महाविद्यालये १९८३ साली सुरू झाली, म्हणजे जिल्ह्यात अभियांत्रिकी शिक्षण येऊन चार दशके उलटली. तिथली पदवी चार वर्षांची आहे. राहुरीची बीएस्सी ॲग्रीही चार वर्षांची आहे. ही गोष्ट किरकोळ नाही, कारण अमेरिकेतली अनेक विद्यापीठे शालेय शिक्षणासह सोळा वर्षांचे शिक्षण मागतात. तिथे तीन वर्षांची बीएस्सी झालेला शहरी विद्यार्थी अडतो आणि राहुरीचा कृषी पदवीधर अडत नाही. इंग्रजीचे म्हणाल तर आयईएलटीएसमध्ये साडेसहा गुण बहुतेक विभागांना पुरतात. मराठी माध्यमातून आलेल्या आणि पदवीची चार वर्षे इंग्रजी पुस्तके वाचलेल्या मुलाला सहा महिन्यांच्या नेटाच्या अभ्यासाने ते साधते. न्यूनगंड हा खरा अडथळा असतो, आणि ‘हे आपले काम नाही’ हे वाक्य ऐकवून घरचे आणि शिक्षक मिळून तो पोसतात.

दुसरे मत यातूनच निघते: एजंटाशिवाय जमत नाही. ‘मोफत सल्ला’ देणाऱ्या अनेक सल्लागारांचे उत्पन्न परदेशी विद्यापीठांकडून, पाठवलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे मिळणाऱ्या कमिशनवर चालते. भरमसाट शुल्क आकारणाऱ्या संस्थांना ते परवडते. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत मात्र बहुतेक ठिकाणी शिकवणी शुल्कच नसते, आणि अमेरिकेतल्या विज्ञान शाखांतले पीएचडीचे विद्यार्थी बहुधा शुल्कमाफी आणि मासिक वेतन घेऊन शिकतात. अशा विद्यापीठांना विद्यार्थी आणून देणाऱ्याला पैसे देण्याचे कारण उरत नाही. म्हणून एजंटाच्या यादीत नेमक्या त्याच वाटा सापडत नाहीत ज्या साधारण ऐपतीच्या घराला परवडतील. शिवाय धोका आहे तो वेगळाच. २०२३ साली कॅनडात पंजाबमधल्या अनेक विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रे बनावट निघाली आणि त्यांच्यावर देश सोडण्याची पाळी येऊन ठेपली. कागद एजंटाने केले होते, पण जाब विद्यार्थ्यांना द्यावा लागला.

एजंटाचे निवेदन कसे असते ते पाहण्यासारखे आहे. ‘लहानपणापासून मला तंत्रज्ञानाची ओढ होती, आपल्या जगविख्यात विद्यापीठात शिकणे हे माझे स्वप्न आहे’ अशी त्याची सुरुवात होते आणि विद्यापीठाचे नाव बदलले की तेच निवेदन दहा ठिकाणी जाते. आता समजा, राहुरीतला मृदाशास्त्राचा विद्यार्थी स्वतः लिहायला बसला. भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले. प्रवरेच्या कालव्यांखाली जवळजवळ शंभर वर्षे बारमाही पाणी आणि ऊस आहे, आणि निचरा न झालेल्या भारी काळ्या जमिनी पाणथळ, खारवट आणि चोपण झाल्या आहेत. पावसाने घट्ट बसणारी, वाळली की भेगाळणारी, पेरले तरी नीट न उगवणारी चोपण जमीन या विद्यार्थ्याने कदाचित घरच्याच गटात पाहिलेली असते. त्या मातीत सोडियमचे प्रमाण किती निघाले, जिप्सम टाकल्यावर काय फरक पडला, भूमिगत निचऱ्याचा खर्च एकट्या शेतकऱ्याला का झेपत नाही, याबद्दल त्याच्याजवळ सांगण्यासारखे असते. खाऱ्या जमिनींवर काम करणारी अमेरिकेच्या कृषी खात्याची जुनी प्रयोगशाळा कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडला आहे आणि त्याच गावात कॅलिफोर्निया विद्यापीठाची शाखा आहे, हे त्याला आपल्या विषयाचे संशोधनलेख वाचतानाच कळते. मग तिथल्या एखाद्या प्राध्यापकाचे दोन लेख वाचून, त्यांतली कोणती पद्धत प्रवरेच्या खोऱ्यात लागू पडेल आणि कोणती पडणार नाही, हे तो निवेदनात मांडू शकतो. असे निवेदन एजंटाला लिहिता येत नाही. त्याची भाषा थोडी अडखळत असली तरी ते वाचणाऱ्या प्राध्यापकाला समोर संशोधक दिसतो.

दुसऱ्याने केलेली विनंती आणि स्वतः केलेला अर्ज यांतला फरक मराठी माणसाला आनंदीबाई जोशींच्या चरित्रातून माहीत असायला हवा. १८७८ साली त्यांचे पती गोपाळराव यांनी कोल्हापुरातून रॉयल वाइल्डर या मिशनऱ्याला पत्र लिहिले. पत्नीचे शिक्षण आणि स्वतःला नोकरी अशी ती विनंती होती, आणि उत्तरात धर्मांतराची अपेक्षा आली. तो पत्रव्यवहार छापला गेल्यामुळे न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंशी ओळख झाली, हे त्याचे मोल नाकारता येणार नाही. पण प्रवेश मिळाला तो १८८३ साली आनंदीबाईंनी स्वतः फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला लिहिलेल्या पत्रावर. आपली तयारी नियमांत पुरती बसत नाही हे त्यांनी त्यात उघड सांगितले आणि आपल्या देशातल्या स्त्रियांना स्त्री डॉक्टरची गरज का आहे हेही सांगितले. महाविद्यालयाने त्यांना घेतले. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या.

तिसरे मत सगळ्यांत घातक आहे: कर्ज काढा, तिकडे गेल्यावर दोन वर्षांत फिटते. अमेरिकेत स्वखर्चाने दोन वर्षांचे एमएस करायचे तर खर्च सहज चाळीस लाखांवर जातो. साडेदहा टक्के व्याजाने चाळीस लाख रुपये पंधरा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे ४४ हजार रुपये पडतो, आणि शिकत असताना साचणारे व्याज यात धरलेले नाही. सरकारी बँका साडेसात लाखांच्या पुढे बहुधा तारण मागतात. इथे नगर जिल्ह्यातल्या शेतकरी घराची खरी कोंडी होते. सातबारा नावावर असतो, पण थकीत कर्जासाठी तारण ताब्यात घेण्याची मुभा बँकांना देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली असल्याने बँका ती शैक्षणिक कर्जाला सहसा तारण घेत नाहीत. मग एनए प्लॉट नाहीतर नगर किंवा पुण्यातला फ्लॅट शोधावा लागतो. तो नसला की चढ्या व्याजाच्या खासगी वित्तसंस्थेचा किंवा जमीन विकण्याचा मार्ग उरतो. एमएसनंतर नोकरी मिळेलच, व्हिसा टिकेलच, या दोन भरवशांवर जमीन विकणे हा जुगार आहे आणि तो मुलाला पुढे करून खेळला जातो. संशोधनाची आवड असलेल्या विद्यार्थ्याला चार वर्षांच्या पदवीनंतर अमेरिकेत थेट पीएचडीला अर्ज करता येतो, हे त्या घराला कोणी सांगितलेले नसते. जर्मनीलाही पैसे लागतातच: २०२४ पासून व्हिसासाठी ११,९०४ युरो, म्हणजे अकरा-बारा लाख रुपये, बंदिस्त खात्यात दाखवावे लागतात. परंतु ते पैसे विद्यार्थ्याचेच असतात आणि महिन्यामहिन्याने त्याच्याच खर्चाला परत मिळतात.

चौथे मत विरोधकांचे आहे. गेलेला परत येत नाही, तेव्हा गावाने त्याच्यासाठी का झटावे? याचे उत्तर जिल्ह्यातच आहे. डॉ. रजनीकांत आरोळे नगर जिल्ह्यातलेच. वेल्लोरला वैद्यकीय शिक्षण घेऊन ते आणि डॉ. मेबल आरोळे नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करू लागले. बरे करून घरी पाठवलेले रोगी तोच आजार घेऊन पुन्हा येत. बहुतेक आजार पाणी, आहार आणि अज्ञान यांतून उद्भवणारे, म्हणजे टाळता येण्यासारखे. रुग्णालयात बसून ते कसे टळावेत, हा प्रश्न घेऊन दोघे फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले, जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली आणि १९७० साली जामखेडसारख्या दुष्काळी तालुक्यात ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्या, बहुतेक निरक्षर असलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्याची तिथली पद्धत पाहायला पुढे जगभरातून लोक आले. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आशियातला पहिला म्हणून ओळखला जाणारा सहकारी साखर कारखाना लोणीला उभा राहिला तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांच्या शेजारी अध्यक्ष म्हणून बसलेले धनंजयराव गाडगीळही केंब्रिजला शिकून परतलेले होते.

ही माणसे अपवादात्मक होती, हे खरेच. पण ‘परत येत नाहीत’ म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट नजरेआड केली आहे. आरोळे दांपत्य शिष्यवृत्तीवर गेले होते. चाळीस लाखांचे कर्ज डोक्यावर असलेला मुलगा परत येऊन इथल्या पगारात ते फेडू शकत नाही. त्याच्या न परतण्याला देशप्रेमाचा अभाव म्हणणे अन्याय आहे. घराने आणि एजंटाने मिळून ते ठरवून टाकलेले असते.

अर्ज विद्यार्थ्यानेच लिहायचा म्हटले की महाविद्यालयाचीही जबाबदारी येते, आणि तिथे बरेच काही सुधारायला हवे. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ हे वाक्य जिल्ह्यातल्या स्टाफरूममध्ये परके नाही. विद्यार्थी हुशार, मेहनती आणि नम्र आहे, असे सांगणाऱ्या पत्राने परदेशी समितीला काहीच कळत नाही. चौथ्या वर्षाच्या प्रकल्पात त्याने मोजमापाची चूक कशी शोधली आणि पुन्हा कसे मोजले, हे फक्त त्याच्या शिक्षकाला माहीत असते. शिफारशीची लिंक थेट प्राध्यापकाच्या ईमेलवर येते. तो पत्ता महाविद्यालयाचा असावा, कारण खासगी पत्त्यावरून आलेल्या पत्राकडे विद्यापीठे संशयाने पाहतात. महाविद्यालयांनी हे पत्ते द्यावेत आणि शिक्षकांनी पत्रे लिहिण्यासाठी वेळ काढावा. दोन्हींना खर्च नगण्य आहे.

वेळेचे गणितही उलटे मांडले जाते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथीची योजना आहे, इतर मागासवर्गीय आणि खुल्या प्रवर्गासाठीही राज्याच्या योजना आहेत. शिष्यवृत्ती मिळाली तर अर्ज करू, असे म्हणून घरे थांबतात. पण या योजना विद्यापीठाचे प्रवेशपत्र हाती असलेल्या विद्यार्थ्यालाच विचारात घेतात. अमेरिकेतल्या सप्टेंबरच्या प्रवेशाचे अर्ज आदल्या डिसेंबर-जानेवारीत बंद होतात आणि शिष्यवृत्तीची जाहिरात बहुधा उन्हाळ्यानंतर येते. म्हणजे विषयाचे वाचन पदवीच्या तिसऱ्या वर्षात, इंग्रजीची चाचणी चौथ्या वर्षाच्या आरंभी, निवेदन आणि शिफारसपत्रे दिवाळीपर्यंत, असा क्रम धरावा लागतो.