सोनोग्राफीचा शेरा आणि यकृतातील तांबे

देहूरोडच्या लष्करी वसाहतीतील अथवा चाकणच्या कारखान्यांत राबणाऱ्या कुटुंबातील एखाद्या कृश किशोराच्या सोनोग्राफीवर 'यकृतात मेद' एवढाच शेरा पडावा, आणि तेलकट वर्ज्य करण्याची शिफारस होऊन प्रकरण दफ्तरी दाखल व्हावे, हे मला अक्षम्य वाटते. कारण त्यामागे विल्सनची व्याधी असू शकते. तीत जनुकदोषामुळे तांब्याचे पित्तावाटे होणारे उत्सर्जन खुंटते, आणि यकृत प्रथम मेदयुक्त, पुढे खडबडीत व गाठाळ दिसू लागते. परंतु ध्वनिलहरींना तांबे दिसत नाही, त्याने केलेली नासधूस तेवढी दिसते, म्हणून चित्रावरून संशय घ्यावा आणि निर्णय रक्तातील सेरुलोप्लाझ्मिन, २४ तासांच्या लघवीतील तांबे व बुबुळाच्या कडेचे तपकिरी वलय यांच्या तपासणीवर सोपवावा.

१९८० च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील आनंद पंडित व शीला भावे यांनी, इंग्लंडच्या स्टुअर्ट टॅनर यांच्यासह, बालयकृताच्या एका निराळ्या पण तांब्याशीच निगडित रोगाचा माग घेताना, बाळाचे दूध कोणत्या भांड्यात तापवता, अशी विचारपूस केली आणि बिनकल्हईच्या तांब्यापितळेकडे लक्ष वेधले. तीच चौकस वृत्ती येथे हवी. विल्सनच्या व्याधीचे निदान होताच सख्ख्या भावंडांच्या तपासणीची तजवीज व्हावी. कारण प्रत्येकास हा वारसा मिळण्याचा संभव चारांत एक असतो, आणि पेनिसिलामाइन वा जस्त वेळेवर सुरू केल्यास यकृताची पुढील हानी बहुधा टळते.