प्रसादाच्या पानामागचं शेत

गोंदवल्याला आलेला भाविक महाराजांच्या समाधीचं दर्शन घेतो, महाप्रसादाच्या पंगतीला बसतो आणि ऊन उतरायच्या आत सातारा-पंढरपूर रस्त्याला लागतो. ज्या मातीच्या भरवशावर हे अन्नदान उभं राहिलं, ती माती बघायची राहूनच जाते. माणसारख्या कायम दुष्काळी तालुक्यात रोज आल्यागेल्याला जेवू घालणं म्हणजे काय, हे त्याशिवाय कळायचं कसं?

श्रीब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराजांचा जन्म १८४५ चा, देह ठेवला १९१३ मध्ये. या अडुसष्ट वर्षांत माणदेशानं मोठमोठे दुष्काळ पाहिले. १८७६-७७ चा दुष्काळ तर असा की दुष्काळी कामातून म्हसवडजवळ राजेवाडीचा तलाव उभा राहिला. महाराजांच्या चरित्रात दुष्काळाची एक हकिकत येते. त्यांनी पोटाला नसलेल्या लोकांना आपल्या शेतात कामाला लावलं आणि रोज जेवू घातलं. त्या काळी शेतात पिकत काय असणार? तरीही काम काढलं, कारण येणाऱ्याला हाताला काम आणि ताटात भाकरी, दोन्ही हवं होतं. मला हा त्यांचा नामाइतकाच मोठा उपदेश वाटतो. कसायाकडे चाललेल्या गाई त्यांनी सोडवून आणल्या, त्यांच्यासाठी गोशाळा काढली. शेती, गोठा, स्वयंपाकघर आणि राममंदिर असा तो एकच संसार होता.

युरोपातल्या मठांचं हेच चित्र होतं. फ्रान्समध्ये बर्गंडीत सितो मठाच्या साधूंनी बाराव्या शतकापासून क्लो द वूजो ही द्राक्षबाग वाढवली, तिला भोवती भिंत घातली. राज्यक्रांतीत मठाची मालमत्ता जप्त झाली, साधू गेले, बाग मात्र राहिली. जर्मनीत ऱ्हाइनच्या खोऱ्यातला एबरबाखचा मठ ११३६ चा. तोही १८०३ मध्ये बंद झाला. आज लोक तिथली तळघरं आणि जुने द्राक्षांचे घाणे बघायला लांबून येतात. या दोन्ही ठिकाणांहून साधू गेले आणि पर्यटन उरलं. गोंदवल्यात तर मठ नांदता आहे, पंगती रोज उठताहेत. बघण्यासारखं इथं जिवंत आहे, हे आपल्या लक्षात यायला हवं.

द्राक्षं म्हणाल तर तीही लांब नाहीत. माणच्या दक्षिणेला आटपाडी ओलांडली की पुढं तासगाव, कवठेमहांकाळचा पट्टा लागतो. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी निवडलेला ‘तास-ए-गणेश’ हा वाण राज्यभर गेला. तिथल्या शेतकऱ्यानं पाण्याअभावी बाग वाळताना पाहिली, टँकरनं पाणी घालून ती जगवली, डॉगरिजच्या खुंटावर कलमं बांधली, ठिबक केलं, शेततळी काढली. माणच्या माणसाला हे सगळं घरच्यासारखं कळतं. माणमधल्या टाकेवाडीनं २०१८ मध्ये वॉटर कप या जलसंधारण स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला तो अशाच हातांनी, उन्हात चर खणून.

फेब्रुवारी-मार्चमध्ये तासगावकडच्या एखाद्या बेदाणा शेडमध्ये जाऊन बघा. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढलेले घड जाळीच्या रॅकवर एकावर एक थरांत पसरलेले असतात. वरून सावली, बाजूंनी वारा. पहिल्या दिवशी मणी टपोरा, हिरवा. दोन आठवड्यांत तो आक्रसतो, सुरकुततो, रंग धरतो. साधारण चार किलो द्राक्षांतून एक किलो बेदाणा हाती लागतो. मग बायका बसून काड्या काढतात, मणी निवडतात. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे. पलूसला वाइन पार्क झालं, त्यानं पुढं काय साधलं हा वेगळा विषय. मठाच्या वाटेवर मात्र शोभणारा माल बेदाणाच. तो नैवेद्याला चालतो, खिरीत पडतो, प्रवासात टिकतो.

पंचांगही कसं जुळून आलं आहे बघा. महाराजांची पुण्यतिथी मार्गशीर्ष वद्य दशमीला. तेव्हा माणात शाळू उभा असतो, पुढं हुरड्याचे दिवस येतात. त्याच महिन्याच्या पहिल्या दिवशी म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघतो. चैत्रात रामनवमी, शिखर शिंगणापूरची कावड, आणि तेव्हाच बाजारात नवा बेदाणा. बाहेरचा माणूस येण्याचे आणि रानात काही बघण्यासारखं असण्याचे दिवस एकच आहेत. त्यासाठी वेगळा हंगाम निर्माण करायची गरज नाही.

राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं. त्याच्या नावाखाली इथं रिसॉर्ट आणि पोहण्याचे तलाव झाले तर माणची थट्टाच होईल. या मुलखात पाण्याची अशी उधळपट्टी करणं पाप आहे. हवं ते फार थोडं आहे. दर्शनानंतर भाविकाला गोशाळा आणि आसपासचं रान नीट समजावून सांगणारा गावचा एखादा जाणता माणूस. शेजारच्या शेतकऱ्याच्या बांधावर हुरडा, पिठलं-भाकरी. ज्वारी, डाळिंब आणि तासगावकडचा बेदाणा थेट पिकवणाऱ्याकडून घेता येईल असा एक स्टॉल, जो गावच्या महिला बचत गटानं चालवावा. पैसा गावातच राहील आणि पंगतीची शिस्तही मोडणार नाही.

संस्थान, आसपासच्या ग्रामपंचायती आणि तरुण शेतकरी यांनी एकत्र बसून येत्या पुण्यतिथीला याची सुरुवात करावी, अशी कळकळीची विनंती आहे. आणि वाचकहो, यंदा गोंदवल्याला गेलात तर प्रसाद घेऊन लगेच गाडी काढू नका. तासभर जास्त थांबा, शाळूच्या बांधावरून चालून या, आणि घरी नेण्यासाठी ज्वारी शेतकऱ्याकडूनच विकत घ्या.