कोयता निघण्याआधी बीपी-शुगर तपासा!

ऊसतोडीच्या टोळ्या आता थोड्याच दिवसांत गावं सोडतील. बीड, धाराशिव, जालन्याच्या वाड्या-तांड्यांवर उचल घेऊन झाली आहे, बांधाबांध सुरू आहे. या गडबडीत एक काम राहतं आणि मग पाच-सहा महिने राहूनच जातं. ते म्हणजे बीपी आणि शुगरची तपासणी.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने, बाई असो की बाप्या, निघण्यापूर्वी उपकेंद्रात जाऊन ती करून घ्यावी. पैसे पडत नाहीत. बीपी 140/90 च्या वर किंवा उपाशीपोटी शुगर 126 च्या वर आली, तर डॉक्टरांना दाखवून खात्री करून घ्या. डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नाही, असं धरून चालू नका. आणि राबणाऱ्याला कुठला मधुमेह, ही समजूतही सोडा. 2023 मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक लोकांना तो आहे.

ज्यांच्या गोळ्या आधीच चालू आहेत, त्यांचा धोका अधिक मोठा. गोळ्या संपतात, फडापासून दवाखाना लांब, एक दिवस गेला तर मजुरी बुडते. मग ‘गावी गेल्यावर बघू’. गोळी बंद झाली की बीपी पुन्हा चढतो, आणि एखाद्या दिवशी धडधाकट माणसाच्या अंगावरून वारं जातं. तेव्हा जितक्या दिवसांच्या मिळतील तितक्या गोळ्या आत्ताच मागून घ्या. डॉक्टरांची चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत ठेवा, मोबाइलमध्ये तिचा फोटोही काढा. ती दाखवली की कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही उपचार पुढे चालू ठेवता येतात.

पहाटे अंधारात रिकाम्या पोटी शुगरची गोळी घेऊन फडात उतरू नका. शुगर एकदम उतरली तर हातपाय थरथरतात, दरदरून घाम सुटतो, भोवळ येते, आणि हातात तर कोयता असतो. साखरेची पुडी कनवटीला हवीच. (उसाच्या फडात साखर बांधून न्यायची, हे ऐकायला विचित्र वाटेल, पण भोवळ आलेल्याला ऊस सोलत बसायला वेळ नसतो.) इन्सुलिन घेणाऱ्यांनी कोपीत फ्रिज नाही म्हणून ते थांबवू नये. बाटली पिशवीत नीट बंद करून गार पाण्याच्या मडक्यात ठेवली तरी भागतं. शुगरवाल्यांच्या पायाला बुडखा लागलेला कळत नाही, म्हणून बूट घाला आणि रात्री तळवे निरखून पाहा.

तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, जीभ अडखळली, तर झाडपाल्यात वेळ घालवू नका. लगेच 108 ला फोन करा. रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आतच देता येतं.

मुकादमांनो, उचलीचा हिशेब तुम्ही पैशापैशाने ठेवता. त्याच वहीत कुणाला बीपी, कुणाला शुगर, एवढं लिहून ठेवा आणि महिन्यातून एकदा त्यांना दवाखान्यात जाऊ द्या. त्या दिवसाचा खाडा धरू नका. कारखान्यांनी गळीत सुरू होताच आरोग्य केंद्राला टोळ्यांचे मुक्काम कळवावेत. त्यांना ते ठाऊक असतात, कारण ऊस तिथूनच येतो. आणि आशाताईंनो, निघणाऱ्या घरांची यादी तुमच्याइतकी कुणाकडेच नाही. ट्रॅक्टर दारात लागण्याआधी त्या घरांना एकदा भेट द्या.